लिनक्सचा लॅपटॉप: इंदुरातच घ्यावा की बाहेरून मागवावा?

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये शिरून ‘लिनक्स टाकलेला लॅपटॉप आहे का’ असं विचारलं, की काउंटरपलीकडून बहुतेक ठिकाणी एकच उत्तर येतं: “भिया, डॉसवाला ले जाओ, विंडोज अपन डाल देंगे.” दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. विंडोज नसलेलं मशीन मागणाऱ्या बहुतेक गिऱ्हाइकांना फक्त चार पैसे वाचवायचे असतात. लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम; तीच हवी म्हणून येणारा विरळा. त्यामुळे इथे खरेदी करताना खोक्यावरच्या स्टिकरवर काय लिहिलंय ते आपणच नीट वाचायचं.

स्टिकरवर तीन शब्द सापडतात: डॉस, लिनक्स आणि उबंटू. तिन्हींचा अर्थ वेगळा.

डॉस म्हणजे फ्रीडॉस, नावापुरती दिलेली जुन्या धाटणीची फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. चालू केल्यावर काळ्या पडद्यावर एक प्रॉम्प्ट लुकलुकतो, बस्स. गंमत म्हणजे एचपीच्या काही मॉडेलांत हा फ्रीडॉस स्वतःच पडद्यामागे चालणाऱ्या एका छोट्या लिनक्सच्या पोटात धावत असतो. हा माल घ्यायला काहीच हरकत नाही, विंडोजच्या परवान्याचे पैसे वाचतात. पण लिनक्ससाठी कुणी काही तपासलेलं नाही हे धरून चालायचं. आणि ते ‘अपन डाल देंगे’ नम्रपणे नाकारायचं. तो विंडोज बहुतेक वेळा परवाना चुकवणारा ‘ॲक्टिव्हेटर’ प्रोग्राम चालवून चालू केलेला असतो, आणि त्या ॲक्टिव्हेटरसोबत आणखी काय आलं हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

‘लिनक्स’ एवढंच लिहिलेलं असेल तर जास्त सावध राहा. काही स्वस्त मॉडेलांत त्याचा अर्थ डॉससारखाच: लॉगिन मागणारा काळा पडदा, ना डेस्कटॉप, ना वाय-फायचं चिन्ह. विक्रीच्या यादीत ‘ऑपरेटिंग सिस्टीम’ हा रकाना रिकामा राहू नये, इतपतच त्याचं काम.

‘उबंटू’ (लिनक्सचा एक लोकप्रिय प्रकार) आणि पुढे आवृत्तीचा आकडा असेल, तर मात्र कारखान्यातून चालतं लिनक्स आलेलं आहे. भारतात हे मुख्यतः डेलकडे दिसत आलंय: व्होस्ट्रो, इन्स्पिरॉन आणि लॅटिट्यूड मालिकांतली काही मॉडेलं. (२०२५ पासून डेलने नावं बदलली, लॅटिट्यूडच्या जागी आता ‘डेल प्रो’ दिसेल.) आकडा पाहायचा तो अशासाठी, की शेल्फवरचा माल जुना असतो. २०.०४ या आवृत्तीचा नेहमीचा आधार मे २०२५ मध्ये संपला. ती असेल तर आधी २२.०४, मग २४.०४ अशा दोन उड्या माराव्या लागतात. त्यापेक्षा डेलच्या रिकव्हरीचा पेनड्राइव्ह करून बाजूला ठेवावा आणि २४.०४ नव्याने टाकावं.

आता मुद्द्याचं. उबंटू टाकायला अर्धा तास लागतो आणि ते फुकट आहे. मग आधीपासून टाकलेल्या लिनक्ससाठी जास्तीचे पैसे किंवा जास्तीची वणवण कशासाठी? तर आतले भाग कुणीतरी लिनक्स डोळ्यांसमोर ठेवून निवडले, झोपवून-उठवून पाहिले आणि बिघडलं तर उत्तर द्यायला कुणी आहे, यासाठी. ‘टाकून दिलंय’ आणि ‘तपासून दिलंय’ यात जे अंतर आहे, तेवढीच या लॅपटॉपची किंमत. खालची सगळी पारख याच एका फुटपट्टीने केलेली आहे.

सगळ्यांत जास्त फसगत वाय-फायमध्ये होते. इंटेलचं एएक्स २१० किंवा २११ कार्ड निघालं तर काळजी मिटली. मीडियाटेकचं ७९२१ किंवा ७९२२ आजच्या कर्नेलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, चालतं. पण मीडियाटेकचंच ७९०२ स्वस्त लॅपटॉपांत सर्रास सापडतं आणि ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हरच, लिनक्समध्ये कित्येक वर्षं नव्हता. रिअलटेकचं ८८५२बीई असेल तर कर्नेल ६.२ किंवा त्यापुढचा लागतो. जुनं उबंटू टाकलं की वाय-फायच्या जागी रिकामं. चुकीचं कार्ड निघालं तरी बहुतेक मशीनमध्ये ते बदलता येतं. एम.२ या खाचेत बसणारं २२३० मापाचं कार्ड असतं: एक स्क्रू आणि अँटेनाच्या दोन बारीक टोप्या. टोप्या नखाने सरळ वर उचलायच्या, तिरक्या ओढल्या तर कनेक्टरच उपटून हातात येतो. बदली कार्ड घेताना २१० घ्या, २११ नको. २११ चा अर्धा मेंदू इंटेलच्या प्रोसेसरमध्ये असतो, त्यामुळे एएमडी या दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर असलेल्या मशीनमध्ये ते मुकं बसून राहतं. काही पातळ मॉडेलांत कार्ड बोर्डावरच डाग दिलेलं असतं. तिथे हा मार्ग बंद.

दुसरा नंबर मायक्रोफोनचा. एएमडीच्या रायझन ६००० आणि पुढच्या पिढ्यांत आतला माइक चालायला त्या विशिष्ट मॉडेलचं नाव कर्नेलमधल्या यादीत असावं लागतं. नसेल तर स्पीकर खणखणीत वाजतो, पण मीटिंगमध्ये तुमचा आवाज कुणालाच जात नाही. नवं मॉडेल बाजारात आल्यावर नाव यादीत चढायला काही महिने जातात. म्हणून लिनक्सवाल्याने आजच लाँच झालेला लॅपटॉप आजच घेऊ नये. बाजारात येऊन सहा महिने झालेला घ्यावा, स्वस्तही पडतो.

कॅमेऱ्याचं दुखणं उलटं आहे. स्वस्त लॅपटॉपांतला साधा यूएसबी कॅमेरा लगेच चालतो. महागड्या, पातळ इंटेल मॉडेलांतला, इंटेलच्या आयपीयू ६ या प्रतिमा-प्रोसेसरवर चालणारा कॅमेरा मात्र कित्येक वर्षं लोकांना रडवत आलाय. बोटाच्या ठशाचा सेन्सर चालला तर बोनस समजा. गुडिक्स कंपनीचे कित्येक सेन्सर चालत नाहीत.

आणि झोप. झाकण मिटल्यावर मशीन कसं निजतं, हे दुकानात पटकन कळत नाही. पूर्वीचे लॅपटॉप एस-३ या गाढ झोपेत जायचे. आताचे बरेच ‘मॉडर्न स्टँडबाय’ करतात, म्हणजे डुलकी घेतात. आतला एखादा भाग, एसएसडी म्हणा की कार्ड रीडर, पूर्ण शांत झाला नाही तर झाकण मिटलेलं असूनही विजेची गळती चालूच राहते. विजयनगरहून बॅगेत टाकून निघालात तर महूला पोचेपर्यंत बॅग गरम आणि बॅटरी अर्धी. कसोटी सोपी: रात्री ८० टक्क्यांवर झाकण मिटायचं आणि सकाळी आकडा पाहायचा. आठ तासांत दहा टक्क्यांपर्यंत घट चालवून घ्या. तीस-चाळीस गेली तर मशीन लिनक्ससाठी तपासलेलंच नाही. लेनोव्होच्या काही थिंकपॅडच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंग्जमध्ये, झोपेच्या पर्यायांत ‘लिनक्स’ असा पर्याय असायचा, तो निवडला की गाढ झोप परत मिळायची. जुना थिंकपॅड घेणाऱ्याने तो आवर्जून शोधावा.

एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाची गरज नसेल तर ते घेऊच नका. हवंच असेल तर सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी बायोसमधली सोय) चालू असताना ड्रायव्हर टाकल्यावर पुढच्या रीस्टार्टला एक निळा पडदा येतो, त्यावर ‘एनरोल एमओके’ (ड्रायव्हरची चावी नोंदवा) निवडायचं. बरेच जण घाईत ‘कंटिन्यू’ दाबतात आणि मग ड्रायव्हर चालत नाही म्हणून रात्र घालवतात.

दुकानातली तपासणी अशी करायची. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबंटू २४.०४ घरूनच टाकून न्या. पेनड्राइव्हवरून सुरू करण्याच्या बूट मेनूसाठी डेल आणि लेनोव्होला एफ १२, एचपीला एफ ९, असुसला बहुतेक एस्केप. एसरमध्ये एफ १२ आधी बायोसमधून चालू करावा लागतो. ‘ट्राय उबंटू’ निवडा, डिस्कला हात लावायचा नाही. फोनचा हॉटस्पॉट जोडा, एक व्हिडिओ वाजवा, दहा सेकंद आवाज रेकॉर्ड करून ऐका, कॅमेरा उघडा, पडद्याचा उजेड कीबोर्डवरून कमी-जास्त करा, ब्लूटूथला इयरफोन जोडा. मग झाकण दोन मिनिटं मिटा आणि उघडा. पडदा काळाच राहिला तर तिथेच नमस्कार करून उठा. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर घाबरू नका. बायोसमध्ये इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी ही डिस्क हाताळणारी सोय चालू असते, ती बंद करून साधं एएचसीआय केलं की दिसते. डॉसच्या मशीनमध्ये हे बेधडक करा. विंडोज ठेवायचं असेल तर करू नका, ते पुन्हा सुरू होत नाही.

सीलबंद खोकं दुकानदार तपासायला उघडून देणार नाही, डेमोचा पीस दाखवेल. डेमोवर केलेली कसोटी अर्धीच मानायची. एकाच नावाखाली कंपन्या दोन-तीन प्रकारची वाय-फाय कार्डं भरतात. म्हणून मोठ्या अक्षरांतलं नाव सोडून खोक्यावरचा लांबलचक पार्ट नंबर डेमोशी जुळवून पाहा. ‘घेणार नक्की, पण बिलाआधी खोकं उघडून दहा मिनिटं बघणार’ असं आधीच बोलून घेतलं तर बरेच दुकानदार तयार होतात. त्या मिनिटांत तुमच्या पेनड्राइव्हवरच्या उबंटूत टर्मिनल उघडून ‘एलएसपीसीआय’ (lspci) ही एवढीच आज्ञा द्या. कार्डाचं खरं नाव समोर येतं.

उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या उबंटू-प्रमाणित यादीत मॉडेल शोधणं चांगलं, पण तीही नीट वाचावी लागते. काही मॉडेलं साध्या उबंटूसाठी प्रमाणित असतात, काही फक्त कारखान्यातल्या खास प्रतीसाठी. दुसऱ्या प्रकारात आपण साधं उबंटू टाकलं तर ओईएम, म्हणजे लॅपटॉप कंपन्यांसाठीच्या, कर्नेलचं पॅकेज वेगळं घालावं लागतं, नाहीतर यादीत नाव असूनही आवाज गायब.

वॉरंटीच्या बाबतीत इंदुरात बसून घेतलेल्या मोठ्या कंपनीच्या मशीनला तोड नाही. ऑनसाइट वॉरंटी घेतली तर इंजिनिअर सुदामानगरातल्या तुमच्या घरी येतो. तो लिनक्स पाहून “पहले विंडोज डलवाओ” म्हणाला तर वाद घालू नका. डेलमध्ये एफ १२ वरून, एचपीमध्ये एफ २ वरून आणि लेनोव्होमध्ये एफ १० वरून बायोसमधलीच तपासणी चालते, विंडोज-लिनक्सशी तिचा संबंध नाही. ती चालवून आलेल्या एरर कोडचा फोटो तक्रारीला जोडला की भाग बदलून मिळतो. बिलावर सीरियल नंबर छापलेला आहे ना, एवढं दुकान सोडण्याआधी पाहा.

बायोसचे अपडेट हाही पारखण्याचा मुद्दा. डेल, लेनोव्हो यांच्या बिझनेस मालिकांचे अपडेट लिनक्सच्या फर्मवेअर (बायोससारखं यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) सेवेतून, एफडब्ल्यूअपडीतून (fwupd), थेट येतात. घरगुती मालिकांत बऱ्याचदा विंडोजची फाइलच मिळते. तुलनेत दोन मशीन बरोबरीची असतील तर या एका गोष्टीवर निकाल लावावा.

आता बाहेरून मागवण्याचं. अमेरिकेत डेन्व्हरची सिस्टम ७६, जर्मनीत ऑग्सबर्गची टक्सेडो, स्पेनची स्लिमबुक, ब्रिटनची स्टार लॅब्ज, नेदरलँड्सची नोव्हाकस्टम. यांचा धंदाच लिनक्सचा. बऱ्याच मशीनचा सांगाडा तैवानच्या क्लेव्होसारख्या कारखान्यातून येतो. त्यावर यांचे ड्रायव्हर, यांची तपासणी. सिस्टम ७६, स्टार लॅब्ज आणि नोव्हाकस्टम यांच्या कित्येक मॉडेलांत कोअरबूट या प्रकल्पावर आधारलेलं खुलं, म्हणजे कुणालाही कोड पाहता येईल असं, फर्मवेअर मिळतं, जे सिल्व्हर मॉलच्या कुठल्याच मजल्यावर मिळणार नाही. फ्रेमवर्क थोडी वेगळी: सुटे भाग बदलता येतील अशी मशीन, ऑपरेटिंग सिस्टीमशिवायही मिळतात, उबंटू आणि फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांवर तपासलेली. यांतला कोण भारतात थेट पाठवतो हे बदलत असतं, तेव्हा मॉडेलच्या प्रेमात पडण्याआधी त्यांची देशांची यादी उघडा.

एक बारीक गोष्ट. टक्सेडोच्या मशीनमध्ये कीबोर्डचा दिवा आणि पंख्याचे वेग त्यांच्या स्वतःच्या कर्नेल मॉड्यूलवर चालतात. त्यांची सिस्टीम पुसून दुसरं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा प्रकार, टाकलं तर ते मॉड्यूलही टाकावं लागतं, नाहीतर पंखा बायोसच्या मर्जीने फिरतो आणि लोक मशीनला नावं ठेवतात. आणखी एक: डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरचं सगळं कुलूपबंद ठेवणं) ऑर्डर करतानाच किंवा पहिल्या सेटअपलाच निवडा. नंतर करायचं तर पुसून पुन्हा टाकणं आलं.

पैशाचा हिशेब मांडू. जर्मन साइटवर किंमत १,१९० युरो दिसते असं समजा. त्यात १९ टक्के व्हॅट आहे. युरोपबाहेर माल जाताना तो वजा होतो, म्हणजे मूळ किंमत १,००० युरो. (स्पेनमध्ये व्हॅट २१ टक्के, ब्रिटनमध्ये २०. अमेरिकेतल्या किमतीत मुळात कर धरलेला नसतो, तिथे ही वजाबाकी करू नका.) कुरिअर आणि विमा ६० युरो धरा, झाले १,०६०. लॅपटॉपवर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) लागतो आणि तो वाहतूक-विमा धरूनच्या किमतीवर: साधारण १९१ युरो. क्रेडिट कार्डाचा परकीय चलन अधिभार ३.५ टक्के आणि त्यावर जीएसटी म्हणजे आणखी ४४. एकूण १,२९५ च्या घरात, शिवाय कुरिअरवाला तुमच्या वतीने कर भरण्याचा आकार लावतो तो वेगळा. कस्टमच्या वर्गवारीत लॅपटॉपच्या सदरात मूळ कस्टम ड्युटी शून्य आहे; पण पार्सल वैयक्तिक वापराच्या मालाच्या ९८०४ या सदरात धरलं गेलं तर मूळ ड्युटीही लागते आणि तिचा दर अर्थसंकल्पांत बदलत आलाय. तेव्हा ऑर्डर करण्याआधी कुरिअर कंपनीला विचारा, ते कुठल्या सदरात दाखल करतात. ‘गिफ्ट लिहा’ असं विक्रेत्याला सांगून काही वाचत नाही, उलट बिल आणि पेमेंट जुळलं नाही की पार्सल अडकतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने लॅपटॉपच्या आयातीला परवान्याची अट घातली, तेव्हापासून ‘बाहेरून मागवता येत नाही’ असा समज पसरलाय. पोस्टाने किंवा कुरिअरने येणाऱ्या एका लॅपटॉपला त्या अटीतून सूट आहे, ड्युटी भरायची एवढंच. दोन मागवू नका.

पार्सल इंदूरला पोचण्याआधी मुंबई किंवा दिल्लीत कस्टममधून सुटतं आणि तिथे केवायसी लागतं. आपल्याकडे नेमकं इथे घोडं पेंड खातं: आधारवर वडिलांच्या नावासकट तिन्ही नावं, ऑर्डरवर मात्र सुटसुटीत दोनच. ऑर्डर देतानाच ओळखपत्रावर आहे तसंच नाव लिहा, आणि भारतातला चालू मोबाइल नंबर द्या.

कुणी परदेशातून येत असेल तर त्याच्या सामानातून आणणं सगळ्यांत स्वस्त. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटीशिवाय आणता येतो. एक! पुतण्याचा स्वतःचा लॅपटॉप त्याच्या पाठीवर असेल तर तुमचा हा दुसरा ठरतो. सोबत सूनबाई येत असेल आणि तिच्याकडे लॅपटॉप नसेल तर तो तिच्या सामानात, बिलासकट.

चार्जरची वीट १०० ते २४० व्होल्टवर चालते, तिची चिंता नको. वायर मात्र बदला. जर्मन प्लग आपल्या सॉकेटमध्ये ठोकून बसवला तरी अर्थिंग जोडलं जात नाही, आणि मग धातूच्या अंगावर मनगट टेकवलं की झिणझिण्या येतात. विटेच्या मागे तीन पाकळ्यांचं भोक असेल तर भारतीय तीन पिनांची तशीच वायर जेल रोडला शंभर-दीडशेत मिळते. यूएसबी-सीवर चार्ज होणारं मशीन घेतलं तर हा प्रश्नच उरत नाही, ६५ वॉटचा इथलाच चार्जर चालतो.

कीबोर्ड निवडताना ‘यूएस’ घ्या. जर्मन मांडणीत वाय आणि झेडची अदलाबदल असते, ब्रिटिशमध्ये एंटर उभा. देवनागरी छापलेल्या कळा लागत नाहीत: सेटिंग्जमध्ये मराठीच्या इनस्क्रिप्ट आणि कागप, दोन्ही मांडण्या आहेत. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून एन दाबलं की ळ, जे दाबलं की ऱ. रुपयाच्या चिन्हासाठी ‘इंग्लिश, भारत, रुपयासह’ ही मांडणी जोडून ठेवा.

बाहेरच्या मशीनची लंगडी बाजू म्हणजे दुरुस्ती. युरोपातली दोन वर्षांची कायदेशीर हमी तिथल्या ग्राहकासाठी; तुम्हाला मशीन स्वखर्चाने परत पाठवावं लागू शकतं, त्यात लिथियम बॅटरीचे कुरिअरचे नियम, आणि परत येताना कस्टम पुन्हा दारात. म्हणून आलेल्या पहिल्याच दिवशी बिल ऑफ एंट्री (कस्टमचा आयातीचा कागद), खरेदीचं बिल आणि मशीनच्या पोटावरचा सीरियल नंबर यांचे फोटो एकत्र ठेवा. दुरुस्तीला जाऊन आलेलं हेच मशीन, हे त्यावरूनच दाखवता येतं. ऑर्डरमध्येच एक जादा बॅटरी आणि शक्य असेल तर कीबोर्ड मागवून घ्या. तीन वर्षांनी त्या सांगाड्याची बॅटरी इंदुरात शोधत फिरण्यापेक्षा ते परवडतं.

कॉलेजला, ऑफिसला, घरच्या हिशेबाला लिनक्स हवं असेल तर बाहेर जाऊ नका: डॉस किंवा उबंटूवाली बिझनेस मालिका, इंटेलचं वाय-फाय, ऑनसाइट वॉरंटी, वर सांगितलेली तपासणी. एएमडीही चालेल, माइक ऐकून घेतला असेल तर. खुलं फर्मवेअर हवंय, इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन (प्रोसेसरसोबत आपल्या नकळत चालणारी आतली व्यवस्था) बंद केलेलं हवंय, आणि बिघडल्यावर महिनाभर दुसऱ्या मशीनवर काम भागेल, अशांनी खुशाल मागवावा. एकच लॅपटॉप आणि त्यावरच पोट असेल, तर सिल्व्हर मॉल बरा.